मुंबईला या, घाम गाळायला

मुंबई बघायला कधी येऊ, असं बाहेरगावच्या पाहुण्याने विचारलं की मुंबईकर डोळे मिटून सांगतो, "डिसेंबरात या. हवा छान असते." छान म्हणजे किती, तर एखाद्या पहाटे पारा अठरावर उतरतो आणि तेवढ्या भांडवलावर सबंध शहर मफलर गुंडाळून खोकत फिरायला लागतं. पाहुणा खूश होतो. खूश झालेला पाहुणा मुक्काम वाढवतो. आमचं घर दोन खोल्यांचं (बिल्डरच्या हिशेबाने अडीच, ती अर्धी मला अजून सापडायची आहे), म्हणून मी तमाम नातेवाइकांना वेगळंच सांगत आलोय. या, अवश्य या, पण ऑक्टोबरात.

यात स्वार्थ आहे, नाही म्हणत नाही. ऑक्टोबरातला पाहुणा सकाळी उतरतो, दुपारी पंख्याखाली उघड्या फरशीवर आडवा होतो आणि संध्याकाळी परतीच्या गाड्यांची चौकशी करतो. पण गंमत अशी, की नातेवाइकांना पटवता पटवता माझं म्हणणं मलाच पटायला लागलं. मुंबई बघायची तर शरदातच बघावी.

शरद म्हटलं की संस्कृत कवींना काय काय सुचतं. निवळलेलं पाणी, फुललेली कमळं, निरभ्र आकाश. यातलं निरभ्र आकाश मुंबईतही असतं, आणि सगळं दुखणं तिथेच आहे. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास निघतो. पूर्वी ही तारीख आणखी अलीकडे होती. पावसालाही इथे मुक्काम वाढवायची चटक लागल्यामुळे २०२० मध्ये ती पुढे सरकवावी लागली. तर ढग गेले की उन्हाला अडवायला कुणी उरत नाही. वारे फिरतात, जमिनीकडून वाहू लागतात. समुद्रावरची झुळूक दुपार होईपर्यंत दडी मारून बसते. आणि चार महिने पाणी प्यालेली जमीन ते वाफेच्या रूपाने सव्याज परत करू लागते. पारा तेहतीस-चौतीस, चढलाच तर छत्तीस. आकडा ऐकून बाहेरचा माणूस हसतो.

आमचे साडू हसले होते. साडू नागपूरचे. २०२४ च्या नवरात्रात ते आणि मेव्हणी आमच्याकडे आले; दसऱ्याचं सोनं लुटून परत, असा बेत होता. "आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस असते न जी," त्यांनी दादर स्टेशनच्या जिन्यातच सांगून टाकलं. "चौतीस म्हणजे आमचा हिवाळा होय." नागपूरकराला उन्हाचा जो अभिमान असतो, तो इतर लोकांना फक्त आपल्या घराण्याचा असतो.

घरी पोचेपर्यंत त्यांचा शर्ट अंगाचाच एक भाग झाला होता. "काहून हो साडभाऊ, हे वाळत काहून नाही?" मी त्यांना समजावलं. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो, आणि जाताना अंग गार करून जातो. मुंबईच्या हवेत आधीच एवढं पाणी, की घामाला उडून जायला जागाच नाही. तो पागडीच्या भाडेकरूसारखा अंगावर राहतो. वीस वर्षं दावा लावा, हलत नाही. साडूंनी घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "कूलर कुठाय?" वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर हा नागपुरात कुटुंबाचाच घटक असतो. इथे तो लावला तर खोलीत अंमळ पाऊसच पडेल, हे त्यांच्या गळी उतरवायला दुपार गेली. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. "हे ऊन नाही होय. ही वाफ होय. आमच्या उन्हाचं नाव खराब करू नका."

खरं तर आपल्या पूर्वजांना याची पूर्ण कल्पना होती. आयुर्वेदाच्या लेखी शरद हा पित्त भडकण्याचा काळ. जुनी माणसं या ऋतूला वैद्यांची आई म्हणत, कारण याच दिवसांत ती त्यांना पोटभर जेवू घालते. आणि दीर्घायुष्य मागताना ऋषींनी शंभर शरद मागितले, शंभर वसंत नव्हे, याकडे कुणी लक्ष देत नाही. वसंत काय, कुणीही काढतो. शरद पार पडला तरच ते वर्ष खात्यावर जमा धरायचं, असा तो रोखठोक हिशेब असणार.

आता पानगळीचं. आमची एक भाची न्यू जर्सीत असते. ऑक्टोबर उजाडला की तिच्याकडून लाल-पिवळ्या झाडांचे फोटो सुरू होतात. झाड, झाडाखाली भाची, भाचीच्या हातात पान. मुंबईत या दिवसांत पान गळत नाही; आमच्या झाडांना ती आठवण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. ऑक्टोबरात ती पावसाळ्याचं खाऊनपिऊन तुकतुकीत हिरवी उभी असतात. मग शरदाचे रंग बघायचे कुठे? सकाळच्या लोकलमध्ये.

नवरात्रात मुंबईतल्या बायका कुठल्या दिवशी कुठला रंग नेसणार, हे वर्तमानपत्रांत आधी छापून येतं. याला शास्त्राधार शोधू नये. वर्तमानपत्रांनीच लावलेली ही सवय, तिचं वय जेमतेम वीस-बावीस वर्षांचं. पण आज ती मोडून दाखवावी एखाद्याने! पोलीस स्टेशन, बँक, महापालिका, कॉलेज, सगळीकडे एक रंग. हिरव्याच्या दिवशी कोळणीची टोपली सोडून सगळं हिरवं. दादरच्या फलाटावर साडू पहिल्या दिवशी बराच वेळ निरीक्षण करत उभे राहिले. बायकांच्या डब्यातून हिरवा लोंढा उतरला, दुसरा हिरवा लोंढा चढला. "कोणत्या कंपनीच्या होत ह्या साऱ्या?" त्यांनी हळूच विचारलं. दुसऱ्या दिवशी सगळा फलाट करडा. "एका रात्रीत कंपनी बुडाली काय?" पुढे त्यांना नाद लागला. रंग ओळखून ते सकाळी आठला पूल गाठायचे आणि वरून बघायचे. मला विचाराल तर अमेरिकेतल्या कुठल्याही टेकडीला हे जमायचं नाही. तिथलं झाड सबंध हंगामात एकदा रंग बदलतं. आमची आठ-बाराची फास्ट रोज बदलते, आणि तीही वेळेवर निघाली तर निघता निघता. घरात मात्र मेव्हणी आणि आमची ही, दोघी बहिणी कपाट उपसून मोरपंखी शोधत बसलेल्या. मोरपंखी म्हणजे नक्की निळा की हिरवा, या वादात दोनदा भाजी करपली.

पानगळ अगदीच होत नाही असं नाही, पण ती छपरांवर होते. मे महिन्याच्या अखेरीला मुंबई निळी ताडपत्री पांघरते. चाळी, झोपड्या, गळक्या गच्च्या, दुकानांचे पत्रे, सगळं निळं. विमानातून उतरणाऱ्याला समुद्र नेमका कुठे संपला ते कळू नये इतकं. पाऊस गेल्याची खात्री पटली की ही निळी पानं एकेक करून उतरायला लागतात आणि खालून गेल्या वर्षीचं शहर बाहेर येतं. प्रत्येक सोसायटीत यावर एक सभा होते. ताडपत्री काढली की दुसऱ्या दिवशी अवकाळी सर येते, असा सेक्रेटरींचा अनुभव आणि काढली नाही तर ती उन्हाने फाटते असा खजिनदारांचा.

दसऱ्याच्या आदल्या रात्री मी साडूंना दादरच्या फूलबाजारात नेलं. मुंबई गर्दीत बघावी, आणि गर्दी तिथे बघावी. झेंडूचे ढीग माणसाच्या उंचीचे, भाव दर दहा पावलांना वेगळा, आणि हमालाच्या डोक्यावरची गोणी तुमच्या कानाला वाट पुसत जाणारी. आपट्याच्या पानांच्या जुड्याही होत्या. त्यातल्या निम्म्या कांचनाच्या निघतात. पानं दिसायला जवळपास सारखी, विकणाऱ्याला विचारलं तर तो देवाची शपथ घेतो. सोनं म्हटलं की भेसळ आलीच; साडूंनी आनंदाने लुटलं.

आणि दसरा झाला तरी साडू हलेनात.

याला कारण माझा हिशेब नव्हे, सरकारचं नियोजन. बरोबर त्याच नवरात्रात, ७ ऑक्टोबरला, मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत धावू लागली होती. (पुढे ती कफ परेडपर्यंत गेली, २०२५ मध्ये, तीही ऑक्टोबरातच. हा महिना ज्याने निवडला त्या अधिकाऱ्याला मुंबई कळलेली आहे.) साडूंनी ती बघितली आणि त्यांना जगण्याचा मार्ग सापडला. जमिनीखाली गारवा, सरकते जिने, चकाचक फरशी, वर कुणी ढकलतही नाही. न्याहारी करून ते निघायचे, संकुलापर्यंत जायचे, बाहेर डोकावून जगातलं तापमान बघायचे आणि तसेच परतीची गाडी धरायचे. वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांचं काहीएक काम नव्हतं. पण टाय लावून जाणाऱ्या किती जणांचं असतं, हाही प्रश्नच आहे.

मेट्रोचा कंटाळा आला तेव्हा भायखळ्याची राणीबाग होतीच. तिथे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आहेत, २०१६ मध्ये सोलहून आणलेले. मूळचे ते पेरू आणि चिलीच्या थंड प्रवाहाच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी काचेआड सोळा ते अठरा अंश तापमान राखलेलं असतं. म्हणजे पुस्तकातला शरद सबंध मुंबईत कुणाला मिळत असेल, तर तो या मंडळींना. साडू काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले. आतला एक पेंग्विन पाण्यात सूर मारून आला आणि त्यांच्यासमोर अंग झटकून उभा राहिला. "साडभाऊ," ते म्हणाले, "यांच्याकडे मुक्कामाला नाही येता येत काय?" माझ्या मनातलंच बोलले. बुधवारी राणीबाग बंद असते. तो दिवस घरात फार लांबला.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध होतं. पित्ताच्या ऋतूत चांदण्यात बसावं, थंड गोड दूध प्यावं, असं वैद्य सांगतात. सोसायटी त्याची वर्गणी काढते. चंद्र उगवला तो पलीकडच्या बांधकामाच्या टॉवरमागे गेला आणि नऊला क्रेनच्या वरून निघाला. तोवर लोकांनी बल्बच्या प्रकाशात दूध संपवलं होतं. पण दहाच्या सुमाराला वारं सुटलं. खरंखुरं, समुद्राकडून. गच्चीवरची सगळी माणसं बोलायची थांबली आणि एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली. दिवसभराच्या उकाड्यानंतरचं हे वारं डिसेंबरातल्या पाहुण्याला कुठल्याही किमतीला मिळत नाही, कारण त्याने आधीचा हप्ता भरलेला नसतो. हाजी अलीचं सीताफळ क्रीम आणि दादरच्या प्रकाशमधलं पियूष यांचंही तसंच. ते मिळतं एरवीही, पण कळतं ऑक्टोबरात.

तेवढ्यात दिवाळी तोंडावर आली आणि मेव्हणीच म्हणाली, आता कंदील बघूनच जाऊ. माहीमच्या कंदील गल्लीत साडूंनी चांदणी, विमान, पारंपरिक असे सगळे प्रकार हाताळून शेवटी काहीच घेतलं नाही. लालबागच्या चिवडा गल्लीत मात्र एवढा चिवडा घेतला, की घरचा चिवडा करायला बसलेली आमची ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी का, हे विचारायचं नसतं. दिवाळी अंकांच्या दुकानात ते शिरले आणि तिथे त्यांनी दुकानदारालाच ऐकवलं की मराठीतला पहिला दिवाळी अंक काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा काढला. दुकानदाराने कौतुकाने मान डोलावली. साडूंनी अंक चाळून परत ठेवला. दुकानात एसी होता.

मुंबईला शरदात यायचं सर्वांत मोठं कारण अजून सांगायचं राहिलंय, आणि ते फक्त चार दिवसांपुरतं असतं. दिवाळीत मुंबई रिकामी होते. कोकणातला कोकणात, घाटावरचा घाटावर, उत्तरेतला उत्तरेत. पाडव्याच्या सकाळी मी साडूंना चर्चगेटला घेऊन गेलो आणि विरार लोकलमध्ये, फर्स्ट क्लास सोडा, साध्या डब्यात, वाऱ्याच्या बाजूची खिडकी मिळाली. मी या शहरात केस पांढरे केले, पण ती जागा मला कुणी उठायच्या आधी कधी लाभलेली नव्हती. मी भारावून गप्प बसलो. साडूंनी पाय समोरच्या बाकावर पसरले, रिकाम्या डब्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "लोकलच्या गर्दीचे एवढे किस्से सांगता न जी तुम्ही लोक. कुठाय गर्दी?"

मी दादर दाखवलं, अंधेरी दाखवलं, बोरिवलीला तरी कुणी चढेल म्हणून दारात जाऊन उभा राहिलो. एक म्हातारे गृहस्थ चढले आणि लांबच्या बाकावर पेपर उघडून बसले. विरारला उतरायची वेळ आली तेव्हा साडू म्हणाले, इथे आपलं काय काम, याच गाडीने परत जाऊ. येतानाही त्यांनी खिडकी सोडली नाही.