दुसऱ्याच्या बालपणाची घरघर

"कॉम्प्युटरला रबरी पट्टा असतो आणि तो गेलाय," असं आईला फोनवर सांगितलं, तर सांगलीहून ताबडतोब उत्तर आलं, "मग जाणारच की. शिवणयंत्राचा नाही जात?"

इतकं नेमकं निदान मला इंग्लंडात कुणी केलं नव्हतं. इथं सगळ्यांनी आधी यंत्राचं वय विचारलं, मग माझं विचारलं आणि मग विषय बदलला.

यंत्र म्हणजे ॲमस्ट्रॅड सीपीसी ६१२८. साल १९८५, मेमरी १२८ केबी, रंग काळपट. रेडिंगजवळच्या एका कार बूट सेलमध्ये ते मला सापडलं. कार बूट सेल म्हणजे रविवारी सकाळी लोक माळावर गाड्या लावतात, डिक्या उघडतात आणि आपल्या घरची अडगळ दुसऱ्याच्या घरी पाठवतात. ती जाते ती बहुधा आमच्या घरी.

खरं तर या यंत्राशी माझं काही नातं नाही. इंग्रज पोरं त्याच्यावर विमानं पाडत होती, तेव्हा मी मिरज रोडला चिंचा पाडत होतो. पण ऑफिसातल्या माझ्या वयाच्या गोऱ्यांना दुपारच्या चहाला आपापल्या पहिल्या कॉम्प्युटरचे उमाळे येतात आणि आपण नुसतं बिस्किट बुडवत बसतो. त्यातही नियम असा, की ते जे सांगतील त्याला "हो ना!" म्हणायचं. वर्षानुवर्षं "हो ना!" म्हणून म्हणून शेवटी मलाही त्या यंत्राची आठवण यायला लागली. कधीच न पाहिलेल्या वस्तूची आठवण येणे, याला वैद्यकशास्त्रात काहीतरी नाव असेल. बायको त्याला थेरं म्हणते.

यंत्र घरी आल्यावर मात्र मला ते एकदम आपल्यातलंच वाटलं. ॲलन शुगर या गृहस्थांनी १९६८ साली काढलेली ही कंपनी. काटकसरीत त्यांचा हात कुणी धरू नये. या कॉम्प्युटरला स्वतःचा पॉवर सप्लायच नाही. वीज येते मॉनिटरमधून, दोन वायरींनी, आणि भिंतीत प्लग एकच. हिरव्या मॉनिटरसकट किंमत २९९ पौंड, रंगीत हवा तर ३९९. आमच्या वडिलांनी कॉम्प्युटरची कंपनी काढली असती, तर असाच बनवला असता. फक्त त्यांनी हिरव्याच्या पुढे जाऊ दिलं नसतं.

फ्लॉपी ड्राइव्ह तीन इंची. साडेतीन नव्हे, तीन. सगळं जग साडेतीन इंचांकडे निघालं होतं, तेव्हा या यंत्रानं हिताची, मात्सुशिता, मॅक्सेल मंडळींची तीन इंची डिस्क धरली. डिस्क दणकट, कडक प्लॅस्टिकची. एका बाजूला १८० केबी, आणि ती बाजू संपली की बाहेर काढून उलटी करून पुन्हा आत घालायची. ड्राइव्हमध्ये मोटर एकीकडे, डिस्क फिरवणारं चाक दुसरीकडे, आणि मध्ये तो पट्टा. मिनिटाला तीनशे फेरे. आता रबराला वय झालं की दोनच वाटा: ढिलं पडायचं किंवा विरघळायचं. आमच्या रबरानं दुसरी वाट धरली होती.

ड्राइव्ह उघडला, तर पट्ट्याच्या जागी डांबर. चाकाच्या खोबणीत बसलेलं, मोटरच्या कण्याला वेढलेलं. चिमट्यानं ओढलं की तुटत नाही, लांब काळी तार होते आणि मधोमध लोंबते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या काड्या हा त्याच्यावरचा शास्त्रशुद्ध उपाय. काड्या बायकोच्या होत्या. पाव डबा संपेपर्यंत डांबर चाकावरून निघालं आणि माझ्या बोटांवर, कपाच्या कानावर, फ्रिजच्या दांड्यावर आणि एका पांढऱ्या कुर्त्यावर आलं. कुर्ता माझा नव्हता.

नवा पट्टा दोन-तीन पौंडांत मिळाला. मोटर फिरली, चाक फिरलं, मी 'कॅट' अशी आज्ञा टाइप केली, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'ड्राइव्ह ए: रीड फेल. रिट्राय, इग्नोर ऑर कॅन्सल?' आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सभेत कुणी सूचना मांडली की तिचंही याच तीनपैकी एक होतं. पट्टा नवा, पण वाचणारं हेड म्हातारं. दुसरा तीन इंची ड्राइव्ह आणायचा, तर ते बनणं कधीच थांबलंय. जे मिळतात त्यांच्यात त्याच वयाचं रबर असतं. म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याचं डांबर आणायचं.

तेव्हा माळ्यावरच्या जुन्या पीसीतला साडेतीन इंची ड्राइव्ह काढला. इथून पुढे तारांचं राजकारण. तीन इंचीच्या पॉवरच्या प्लगमध्ये पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट यांच्या जागा साडेतीन इंचीच्या नेमक्या उलट. तसाच लावला तर धूर. ते निस्तरलं, तर थोरल्या-धाकट्याचा वाद. पीसीचा ड्राइव्ह कारखान्यातून 'दुसरा' म्हणून ठरूनच येतो आणि पहिलेपणाचा मान त्याला पीसीच्या केबलमधला सात तारांचा पीळ देतो. ॲमस्ट्रॅडच्या केबलला पीळ नाही, म्हणून आमचा पाहुणा 'मी दुसरा' म्हणून स्वस्थ बसून राहिला.

तेही जुळवलं. तरी ढिम्म. त्या संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम होता. खालून बायकोनं हाक मारली, "तयार आहेस का?"

मी वरून म्हणालो, "डिस्क बदलतोय."

"मी काय विचारतेय आणि तू काय सांगतोयस?"

माझा स्क्रू-ड्रायव्हर हवेतच राहिला. बिघाड नेमका हाच होता! चौतीस नंबरच्या तारेवर ॲमस्ट्रॅड विचारतो, 'तयार आहेस का?' आणि त्याच तारेवर पीसीचा ड्राइव्ह सांगतो, 'डिस्क बदलली.' मी धावत खाली जाऊन तिला हे समजावलं. यावर जुगाड असाही आहे, की कॉम्प्युटरची ती तार सरळ ग्राउंडला जोडून टाकायची, म्हणजे ड्राइव्ह कायमचाच तयार.

"हे माणसाला करता येतं का?" तिनं विचारलं. कार्यक्रमाला आम्ही मध्यंतरात पोचलो.

जुगाडात एक खोट निघाली. आत डिस्क नसली तरी कॉम्प्युटरला सगळं तयार वाटतं आणि तो वाट बघत बसतो तो बसतोच. अखेर गोटेक आणला. हा फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेतलेला डबा. डिस्कच्या जागी पेन ड्राइव्ह. मुळात त्याला मागणी कारखान्यातली जुनी यंत्रं, कीबोर्ड आणि भरतकामाची यंत्रं यांच्याकडून. हे ऐकून आई म्हणाली, "मी पहिल्यापासून काय सांगत होते?" गोटेकमध्ये कीर फ्रेझर या प्रोग्रामरनं लिहिलेलं फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर घातलं. ते फुकट मिळतं, आणि याहून मोठी शिफारस आमच्या घराण्यात नाही. त्याला पहिला-दुसरा कळतो, विचारलं की तो 'तयार' म्हणतो, आणि त्या काळच्या एखाद्या पोराला अख्ख्या शाळेत मिळून जमल्या नसत्या इतक्या डिस्का त्याच्या एका पेन ड्राइव्हमध्ये मावतात.

ऑफिसातला एक गोरा मुद्दाम बघायला आला. मी 'कॅट' टाइप केलं. क्षणात यादी हजर. त्याचा चेहरा पडला.

"चालू आहे का हा?"

"यादी आली की!"

"पण आवाज?"

मग त्यानं तोंडानं आवाज काढून दाखवला. आधी मोटरची घरघर, मग टक् टक् टक्, मग थोडं थांबून एक टक्. पन्नाशीचा, टाय लावलेला माणूस डोळे मिटून घरघरत होता. बायको चहा घेऊन आली ती दारातच थांबली. मला विचाराल तर तो टक् त्यानं जरा आधीच घेतला. पण मी म्हणालो, "हो ना!" आणि या खेपेला मनापासून म्हणालो.

त्यालाही इलाज आहे. गोटेकला छोटा स्पीकर जोडता येतो, मग फ्लॅशफ्लॉपी हेड सरकल्याची टकटक काढून दाखवतं. मी रात्री हळूच विषय काढला.

"म्हणजे आवाज करणारा ड्राइव्ह काढून टाकला," बायको म्हणाली, "आणि आता त्याचा आवाज विकत आणायचा?"

"दोन पौंड फक्त."

"त्याचा आवाज कमी करता येतो?"

"येतो. सेटिंग आहे."

"शून्यापर्यंत?"

"हो."

"मग आण."