हिरण्यकश्यपूची पॉलिसी

जगातला पहिला पॉलिसीधारक हिरण्यकश्यपू. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणसाकडून नाही, जनावराकडून नाही, असं भरभक्कम कव्हर त्याने थेट ब्रह्मदेवाकडून लिहून घेतलं होतं. हप्ताही थोडाथोडका नव्हता, घोर तपश्चर्या होती. क्लेमची वेळ आली ती नेमकी तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर. पुढचं आपल्याला ठाऊक आहे.

हे आठवायला कारण आमचा दादा. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. उभी हयात न्यू जर्सीत, एडिसनला गेली. बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला, घर विकलं आणि चौतीस फुटी मोटरहोम घेतलं. तिकडे अशा गाड्यांना आरव्ही म्हणतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास आणि वहिनीने सीटबेल्टने बांधलेलं देवघर. फोनवर दादा म्हणाला, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" मी कौतुक केलं. विंचवाला कुणी कायमचा पत्ता विचारत नाही, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पत्त्याची सोय अमेरिकेने केलेली आहे. साउथ डकोटा राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपालपेटीचा पत्ता दाखवला की चालकाचा परवाना मिळतो. राज्याचा आयकर शून्य. त्यामुळे बारमाही भटके तिथे रांग लावतात, नाहीतर टेक्सासला किंवा फ्लोरिडाला जातात. दादाने एक रात्र काढली, पावती दाखवली, डकोटावासी झाला. आपल्याकडे डोमिसाइलच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत जोडे झिजवलेल्या माणसाला हे ऐकून भरून येतं.

विमा एजंटाने मात्र साधाच प्रश्न विचारला, "गाडी रात्री कुठे उभी असते?" हप्ता त्यावर ठरतो. दादा म्हणाला, "रात्र होईल तिथे." फॉर्ममध्ये तेवढी जागा नव्हती. मग एजंटानेच टपालपेटीचा पत्ता लिहिला. एवढीशी पेटी आणि तिच्यात चौतीस फुटांची गाडी. पुढचा रकाना होता, 'वापर'. तिथे 'सहल' अशी खूण झाली. कुणी केली, यावर दादा आणि एजंट यांच्यात अजून मतभेद आहेत.

थंडीत दोघं ॲरिझोनात, क्वार्टझाइटच्या वाळवंटात मुक्कामाला होते. हिवाळ्यात तिथे आरव्हीवाल्यांची जत्राच भरते. एके दिवशी दिवेलागणीला वहिनीने शेजारच्या गाडीतल्या आजीबाईंना पोहे खायला बोलावलं. खाऊन उतरताना त्यांचा पाय घडीच्या पायरीवरून घसरला आणि मनगट मोडलं. तिन्हीसांज होती, आणि उंबरठाही. आजीबाईंच्या वकिलाचं पत्र आलं, ते दादाने कंपनीला पाठवलं.

कंपनी म्हणाली, गाडी चालत नव्हती, तेव्हा हा वाहनाचा अपघात नव्हे. दादा म्हणाला, बरं, मग घरातला धरा. कंपनी म्हणाली, घराचा विमा तुम्ही घराबरोबरच संपवलात. या पॉलिसीत उभ्या गाडीतल्या अपघाताची जबाबदारी आम्ही घेतो, पण तुम्ही सुट्टीवर असाल तरच. दादा म्हणाला, "अहो, मी निवृत्त आहे. मला रोजच सुट्टी!" हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. कंपनीला वाटला नाही. वर्षातले सहा महिन्यांहून जास्त दिवस गाडीत राहणाऱ्यांसाठी म्हणे 'फुल-टायमर' नावाची वेगळी पॉलिसी असते आणि ती अर्थातच महाग असते. बारमाही राहता हे लपवलंत, म्हणून आता पायरीच काय, अख्ख्या पॉलिसीचा विचार करावा लागेल.

दादाचं डोकं फिरलं. हे घर आहे की गाडी, एकदाच सांगा! पण सांगणार कोण? झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असेल तर अमेरिकेचं आयकर खातं आरव्हीला घर मानतं आणि तिच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट देऊ शकतं. उलट 1985 साली, सॅन डिएगोत उभ्या असलेल्या एका मोटरहोमच्या झडतीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं, की झडतीपुरती ही गाडीच. वॉरंट लागत नाही. विटांवर चढवली आणि नळ-वीज जोडून घेतली तर काय, ते न्यायालयाने पुढच्या कुणासाठी तरी शिल्लक ठेवलं. म्हणजे करापुरतं घर, पोलिसांपुरती गाडी, आणि विमा कंपनीपुरतं, त्या दिवशी जे कव्हरमध्ये नसेल ते.

पुढे गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. वाळवंटातल्या उंदरांना ऊब आणि वायर दोन्ही आवडतात. पॉलिसीत बारीक अक्षरात उंदीर वगळलेले होते. गणपतीचं वाहन दादाच्या वाहनात शिरलं, तर त्याचा खर्च वाहनाच्या विम्यात बसत नाही. वहिनीने तरीही देवघरासमोर हात जोडले. तक्रार आणि प्रार्थना एकाच खिडकीवर.

वहिनीच्या गुडघ्याचं तर विचारूच नका. पासष्टी गाठून मेडिकेअर मिळेपर्यंत आरोग्य विमा राज्याच्या पत्त्यावर, आणि डॉक्टरांची यादीही त्याच राज्यातली. बाहेर दुखलं तर फक्त तातडीचंच चालतं. गुडघा ॲरिझोनात दुखतो, डॉक्टर डकोटात. मध्ये काही दिवसांचा रस्ता, आणि तो संपेपर्यंत गुडघा अर्थातच आणखी दुखतो. मी सुचवलं, दुखण्यालाच एक रात्र डकोटात मुक्कामाला ठेवा, पावती घ्या. दादा हसला नाही.

शेवटी दादाने फुल-टायमर पॉलिसीचा आकडा विचारला. तो ऐकून बराच वेळ गप्प बसला. एजंट माणूस चांगला, त्याला दया आली. म्हणाला, एक स्वस्त मार्ग आहे. गाडी यार्डात ठेवा, चालवू नका, आत राहू नका. स्टोरेजचं कव्हर घ्या, हप्ता चांगलाच खाली येईल.

"आणि आम्ही राहायचं कुठे?"

एजंटाने फॉर्म पुन्हा उलटून पाहिला. "का? तुम्हाला घर नाही?"