तबकडी

पुसेगाव म्हटलं की समोरचा लगेच हात जोडतो. "सेवागिरी महाराजांचं ना? यात्रेला आलो होतो एकदा." मग सांगावं लागतं की ते सातारचं. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. जोडलेले हात हळूच सुटतात. गावाला या गोष्टीची सवय झाली आहे. एकट्या तबकडीनं मात्र तिला शास्त्रीय बैठक दिली. तो म्हणतो, ही समांतर विश्वं आहेत. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये एका विश्वात मराठे हरतात, दुसऱ्यात जिंकतात, तशी ही दोन पुसेगावं. त्या विश्वात यात्रा, बैलांच्या शर्यती, टीव्हीवाले. या विश्वात आपण.

तबकडी हे काही बारशातलं नाव नव्हे. लहानपणी आपण हळदीच्या रानावरून उडती तबकडी जाताना पाहिली, असं तो शपथेवर सांगायचा. पुढं तो एकच विषय तासन् तास लावू लागला, तेव्हा म्हाताऱ्या मंडळींनी त्याच नावाचा ग्रामोफोनकडचा अर्थ घेतला. शाळेच्या कपाटातला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला जूल व्हर्न त्यानं सातवीत संपवला, नारळीकर दहावीपर्यंत. त्यानंतर त्याचं पृथ्वीवर मन लागलं नाही. ही माणसं गावोगाव असतात. क्रिकेटवाला असतो, सिनेमावाला असतो, पण त्यांना भांडायला दुसरा क्रिकेटवाला मिळतो. तबकडीला भांडायला पुण्या-मुंबईकडचा समीक्षकच लागतो.

21 मार्च 2024 हा दिवस त्याच्या आयुष्यात कोरला गेला आहे. सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी हिंगोली जिल्हा हादरला, 4.5 तीव्रतेचा धक्का. मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे थरथरले, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर आले. अकरा मिनिटांनी दुसरा, 3.6 चा. सगळे ओट्यावर बसून 1993 च्या किल्लारीच्या आठवणी काढत होते आणि हा पठ्ठ्या घड्याळ बघत होता. कारण त्याच दुपारी साडेबाराला नेटफ्लिक्सवर 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' येणार होती. लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या कादंबरीवरची, आठ भागांची. कथेत परग्रहावरचे लोक माणसाचं विज्ञान पुढं जाऊ नये म्हणून शास्त्रज्ञांचे प्रयोग बिघडवतात. आता तबकडीचा हिशोब बघा. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा कुठं होणार? औंढा नागनाथजवळ, आपल्याच जिल्ह्यात. केंद्रानं 2023 च्या एप्रिलात 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनहूनही कितीतरी बारीक हालचाल. अशा जागी धक्का कुणी दिला असेल?

"काहून, कुणी दिला?" एका आजोबांनी विचारलं.

तबकडी नुसता आकाशाकडं बघून हसला. मालिकेचं नाव ऐकून आजोबा म्हणाले, "माझा एकाच बॉडीचा प्रॉब्लेम सुटंना, तीन कुठं घेऊन बसला?" आणि गुडघा चोळत उठले. तीन वस्तू एकमेकींना ओढत असल्या तर त्या पुढं कुठं जातील याचं सरसकट उत्तर गणिताला सापडलेलं नाही, हे तबकडी त्यांच्या पाठीला सांगत राहिला.

परीक्षण आलं रविवारी, 24 तारखेला, वर्तमानपत्राच्या पुरवणीत. अडीच तारे. गोष्ट संथ आहे, पात्रं थंड आहेत, भौतिकशास्त्र पुरतं पटत नाही, असा एकूण सूर.

त्या दिवशी होळी होती. बोंब मारायला शास्त्राची परवानगी असलेला वर्षातला तो एकमेव दिवस, आणि तबकडीनं तो पुरेपूर वापरला. पहिली हरकत ताऱ्यांवर. "तीन सूर्यांची गोष्ट आहे. सूर्य म्हणजे तारा. तीन सूर्यांच्या गोष्टीला अडीच तारे? म्हणजे अर्धा सूर्य ह्यानं खाल्ला!" दुसरी संथपणावर. "परग्रहवाले पृथ्वीवर पोचायला चारशे वर्षं लागणार आहेत. मग गोष्ट काय एसटीच्या जलद बससारखी पळंल?" तिसरी भौतिकशास्त्रावर, आणि तिला तर पुरावाच नव्हता लागत: लायगो समीक्षकाच्या जिल्ह्यात होतंय का आमच्या?

बोंब मारून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, टाक ती पुरवणी होळीत. टाकली नाही. घडी करून खिशात ठेवली. मला वाटतं, ज्याला खरंच राग आला आहे तो कागद जाळतो. चाहता तो जपून ठेवतो, पुन्हा पुन्हा चिडायला.

गंमत अशी की तेव्हा त्यानं स्वतः तीनच भाग पाहिले होते. दिवसाला दीड जीबी, त्यात बायकोची मालिका, त्यात वीज गेलेली. आमच्याकडं हळद शिजवायचे दिवस होते, अंगणभर हळकुंडं वाळत पडलेली, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्याचं इतकं धडधडीत उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. मी तसं म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "सर, समीक्षकानं आठ भाग पाहिले. म्हणून तर त्याचं मत बिघडलं."

आतून बायको म्हणाली, "चारशे वर्षांनी येणार ना ते? मग तोवर ही हळद फिरवून घ्या."

गावात मूळ कादंबरी वाचलेला एकच जण आहे, एका बीएस्सीवाल्याचा धाकटा भाऊ. त्याचं दुखणं उलटं. चीनमधली गोष्ट उचलून ऑक्सफर्डला नेली, चिनी मालिकेत तीस भाग होते तिथं यांनी आठात गुंडाळलं, आणि समीक्षकानं फक्त अर्धाच तारा कापला! दोघं ओट्यावर तास-दीड तास भांडले. एकाला अडीच तारे कमी, दुसऱ्याला जास्त. शेवटी समीक्षकाला काही कळत नाही यावर एकमत झालं आणि चहा आला.

मी मास्तर असल्यामुळं मध्ये पडलो. म्हटलं, नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा बायकोकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. नाव बघून नाही, गोष्ट बघून. तबकडी विचारात पडला. वाटलं, मुद्दा पोचला. थोड्या वेळानं म्हणाला, "म्हणजे त्या काळी समीक्षक चांगले होते."

त्यानं पत्र लिहिलं. चौदा पानी, वहीच्या कागदावर, भूकंपाच्या दोन्ही वेळांसह. टपालात टाकलं आणि रोज पुरवणी बघू लागला. मे महिन्यात मालिकेचे पुढचे भाग काढणार असं जाहीर झालं, तेव्हा त्यानं सगळ्यांना पेढे दिले. पत्र पोचल्याची ही त्याच्या लेखी पावतीच होती.

खरं पत्र छापून आलं ते त्याच्यानंतर. चौदा पानांच्या पाच ओळी झाल्या होत्या. लायगो गेलं, भूकंप गेला, अर्धा सूर्य मात्र राहिला होता. तो उभ्या-उभ्याच वाचत होता, चेहरा उजळत होता, आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबला. खाली त्याचं नाव, बरोबर छापलेलं, आणि नावाखाली: पुसेगाव, जि. सातारा.

त्या रात्री त्यानं दुसरं पत्र लिहिलं. मला दाखवायला आणलं. सहा पानं होती. मालिकेचं त्यात नावसुद्धा नव्हतं.