ऊर्ध्वझाडणीचे आचार्य

गंगाखेडच्या बसस्थानकावर, तहसील कचेरीच्या आवारात किंवा परळीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत रेल्वेच्या फलाटावर ‘अपडेट केल्यापासून चार्जिंग लई उतरायली’ एवढे वाक्य कोणी जरा मोठ्याने उच्चारले, तर शेजारच्या बाकावरून, चहाच्या टपरीआडून किंवा प्रसंगी रांगेतला स्वतःचा नंबर सोडून जो गृहस्थ हात पुढे करत येतो, त्याची ओळख वाचकाला नव्याने करून देण्याचे कारण नाही. लहान गावाच्या वाट्याला असा एक येतो आणि तालुक्याच्या गावाला तो गल्लीगणिक लाभतो. हा गृहस्थ बहुधा निवृत्त शिक्षक, कृषी सेवा केंद्राचा चालक किंवा पतसंस्थेतला रोखपाल असतो, म्हणजे त्याच्या पोटापाण्याचा विजेशी अगर संगणकाशी दूरचाही संबंध नसतो. तरीही मोबाईल हातात घेताना त्याच्या चेहऱ्यावर निदानाच्या आधीच निकाल लागल्याची जी खात्री दिसते, ती लक्षात घेऊन त्यास येथे ‘आचार्य’ म्हटले आहे, आणि एकदा आचार्य म्हटल्यावर आदरार्थी बहुवचन ओघाने आलेच.

आचार्यांची तपासणी मोबाईलची पाठ तळहातावर टेकवून ताप पाहण्यापासून सुरू होते. त्यानंतर ‘अपडेट केला का?’ हा पहिला प्रश्न येतो, आणि होकार मिळताच ‘कामून केला?’ हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते, कारण तो शिक्षेचा भाग असतो. समोरच्याने रात्री मोबाईल चार्जिंगला लावला, सकाळी पाहतो तो अपडेट आपोआप होऊन गेलेला, अशी खरी हकीगत सांगितली तरी आचार्यांच्या लेखी गुन्हा गुन्हाच राहतो. मग ‘आण इकडं’ असे म्हणून ते मोबाईल ताब्यात घेतात आणि ज्या क्रियेसाठी त्यांचा जन्म झाला आहे, ती क्रिया करतात.

मोबाईलमध्ये वापरून बाजूला ठेवलेली ॲपे एकामागे एक पत्त्यांसारखी उभी दाखवणारा एक पडदा असतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यातले एकेक पान अंगठ्याने वर ढकलून नाहीसे करण्याच्या कृतीला प्रस्तुत विवेचनापुरते ‘ऊर्ध्वझाडणी’ म्हणता येईल. आचार्य ही झाडणी सावकाश, प्रत्येक पानावर अंगठा क्षणभर रोखून, कधी जिभेने ‘च्च’ असा आवाज करत करतात, आणि शेवटचे पान उडाल्यावर ‘बघा, एवढा कचरा होता’ असे म्हणत मोकळा पडदा सभोवतालच्या मंडळींना फिरवून दाखवतात. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव, आणि त्यांच्याबरोबर साक्षात विठ्ठलाने झाडलोट केल्याची कथा या मातीत रुजलेली. तेव्हा येथे झाडणीला प्रतिष्ठा असावी यात नवल नाही. फरक एवढाच की त्या कथेत देव कचरा भरत होता, आणि इथे कचरा कोणता व ऐवज कोणता हे ठरवण्याआधीच अंगठा वर गेलेला असतो.

शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, फोटो काढून, स्वतःच्याच मोबाईलवरून करावयाची ‘ई-पीक पाहणी’ २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शिवारात रेंज नसल्यामुळे सोयाबीनच्या नोंदीचे अपलोड गंगाखेडात येऊन करणारा शेतकरी, ते चालू असतानाच ‘बॅटरी बी लई उतरायली, सर’ असे सहज बोलून जातो आणि आचार्य ते अपलोड मुळासकट झाडून टाकतात. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे लाभार्थी स्त्रीची ओळख आधार क्रमांकावरून ऑनलाइन पडताळण्याची क्रिया, अर्ध्यावर आलेली असते, ओटीपी केव्हाही येईल म्हणून मावशी मोबाईलकडे डोळे लावून असतात, आणि त्या क्षणी तो मोबाईल आचार्यांच्या हाती असतो. ओटीपी येतो, पण ज्या पानावर तो भरायचा ते पान आकाशात गेलेले असते. गाडी कुठवर आली हे पाहणाऱ्या प्रवाशाचे ॲप त्यांनी झाडले, आणि ते पुन्हा उघडेपर्यंत गाडीच फलाटावरून निघाली, अशीही नोंद लोकस्मृतीत आहे. नवा कोरा मोबाईल हाती आला आणि त्यात झाडण्याजोगे काही निघाले नाही, तर कॅलक्युलेटर, कॅमेरा आणि घड्याळ अशी तीन ॲपे स्वतः उघडून ती विधिपूर्वक झाडण्याचा परिपाठ ते पाळतात. बटणांचा साधा मोबाईल दिला असताही अंगठा त्या इवल्याशा काचेवर सवयीने वर जातोच. तिथे काहीच घडत नाही, परंतु आचार्यांच्या मुद्रेवरील समाधानात उणेपणा येत नाही.

या क्रियेमागील शास्त्र तपासले असता ते नेमके उलट निघते, हे येथे नमूद करणे भाग आहे. बाजूला पडलेली बहुतेक ॲपे मोबाईलची कार्यप्रणाली, म्हणजे सर्व ॲपांवर देखरेख ठेवणारा मूळ प्रोग्राम, निद्रिस्त करून ठेवते. ती त्या पडद्यावर दिसतात म्हणून वीज खात असतील असे नाही. उलट झाडलेले ॲप पुन्हा उघडताना ते मुळापासून उभे करावे लागते आणि त्यालाच अधिक वीज लागते. अशा झाडण्याने बॅटरी वाचत नाही, असे ॲपलमध्ये सॉफ्टवेअरची धुरा वाहणारे क्रेग फेडेरिघी आणि तेव्हा गूगलमध्ये अँड्रॉइड सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही २०१६ मध्ये सांगितले होते. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या दोन कंपन्यांचे एकमत व्हावे अशा मोजक्या गोष्टींपैकी ही एक होय. यावर आचार्यांचा आक्षेप असा की ही माणसे गंगाखेडला कधी आलेली नाहीत.

मग अपडेटनंतर चार्जिंग उतरते ते का? नवे घर लावताना कुटुंबाचा पहिला आठवडा जसा दमवणारा जातो, तसेच मोबाईलचे होते. कार्यप्रणाली बदलली की फोटो, संदेश आणि फायली शोधता याव्यात म्हणून त्यांची अनुक्रमणी, म्हणजे कोणती गोष्ट कुठे आहे याची आतली सूची, पुन्हा तयार करावी लागते. अँड्रॉइडमध्ये जुनी ॲपे नव्या प्रणालीशी जुळवून घेण्याचे काम चालते. शिवाय ॲपांच्याही नव्या आवृत्त्या पाठोपाठ उतरू लागतात. हे सारे पडदा बंद असताना, खिशात, गुपचूप चालते, म्हणून न वापरलेला मोबाईलही तापतो आणि मालकाला भुताटकीचा संशय येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ ही प्रणाली देताना ॲपलने स्वतःच खुलासा केला, की मोठ्या अपडेटनंतर बॅटरीवर व तापमानावर तात्पुरता परिणाम होणे स्वाभाविक आहे. सारांश, दोन-चार दिवस धीर धरणे हाच या विकाराचा मुख्य उपचार आहे, आणि आचार्यांच्या कीर्तीचे रहस्यही त्यातच दडलेले आहे. कारण झाडणी उरकल्यावर मोबाईल परत देताना ते न चुकता म्हणतात, ‘आता दोन-तीन दिवस असाच वापरा, मग मला सांगा.’ तिसऱ्या दिवशी अनुक्रमणी संपते, मोबाईल थंड पडतो, चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरते, आणि श्रेय अंगठ्याला मिळते.

त्यांचे बाकीचे उपचार झाडणीच्या मानाने गौण असले तरी त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. ‘एकदा पूर्ण उतरू द्या, मगच लावा’ हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. त्या बॅटऱ्या अर्ध्यावर भरत राहिल्यास आपली क्षमता तेवढीच असल्याचे जणू लक्षात ठेवत. मोबाईलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. ती सोनी कंपनीने १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली, आणि तिच्या जडणघडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीला असली स्मृती नाही, आणि वारंवार पूर्ण उतरवल्याने तिचे आयुष्य उलट घटते. नोबेल समितीपर्यंत पोहोचलेली ही वार्ता गंगाखेडच्या टपरीपर्यंत यायला अद्याप अवधी आहे. ‘डार्क मोड’, म्हणजे पांढऱ्याऐवजी काळी पार्श्वभूमी, हा त्यांचा आणखी एक आवडता काढा. ज्या ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो, तिथे तो गुण देतो. मागून दिवा असलेल्या एलसीडी पडद्यात काळा रंगही त्याच उजेडावर उभा असल्याने फरक पडत नाही. समोरचा पडदा कोणता याची चौकशी मात्र आचार्यांनी कधी केल्याचे आढळत नाही.

ज्या दोन कारणांनी या भागातल्या बॅटऱ्या खरोखर झिजतात, त्यांविषयी ते मौन पाळतात. पहिले कारण ऊन. ॲपल आपला फोन शून्य ते पस्तीस अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे सांगते, आणि परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळिसावर सहज जातो, म्हणजे दुचाकीच्या टाकीवर ठेवलेला मोबाईल दुपारच्या आतच या मर्यादेबाहेर पडलेला असतो. दुसरे कारण रेंज. तालुक्याच्या दक्षिणेकडे बालाघाटाच्या डोंगराळ भागात सिग्नल क्षीण झाला की टॉवरशी बोलण्यासाठी मोबाईलला अधिक जोर लावावा लागतो, आणि त्यात दिवसभराची वीज संपते. ही दोन्ही कारणे अंगठ्याने वर ढकलता येत नाहीत, त्यामुळे आचार्यांच्या शास्त्रात त्यांना स्थान नाही.

‘हे कंपनीच करते, नवा घ्यावा म्हणून’ हा त्यांचा सिद्धान्त मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बॅटरी जुनी झालेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून २०१७ च्या आरंभीच्या एका अपडेटने त्यांचा वेग कमी केला होता, हे ॲपलने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, गवगवा झाल्यावर, मान्य केले. बॅटरी बदलण्याचे दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणले, आणि २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड स्वीकारली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ४ए फोनला दिलेल्या अपडेटने काही संचांच्या बॅटरीची वापरता येणारी क्षमताच कमी केली. तात्पर्य, जिथे आचार्यांचे म्हणणे खरे असते तिथे त्यांच्यापाशी इलाज नसतो, आणि जिथे इलाजांची रेलचेल असते तिथे म्हणणे खोटे असते. बऱ्याच तज्ज्ञांच्या बाबतीत याहून वेगळी स्थिती असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

तथापि, कंपनीने दिलेला खुलासा गंगाखेडच्या म्हातारीला वाचता येत नाही, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये पहिली विचारणा बिलाची होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, घरी आजी आणि शाळेत जाणारी नातवंडे राहतात, आणि त्यांच्यामध्ये व फडावरच्या लेकामध्ये उरतो तो एक मोबाईल. तो घेऊन आजी येते आणि म्हणते, ‘सर, चार्जिंग टिकना गेली हो, रातच्याला लेकराचा फोन आला तर?’ आचार्य झाडणी करतात, ती टळत नाही; पण त्यानंतर ते पडद्याचा उजेड कमी करतात, रात्री नेट बंद कसे करायचे ते नातवाकडून दोनदा करवून घेतात, लेकाला स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावून ‘रोज आठच्या ठोक्याला कर, म्हातारी जीव टांगून बसते’ असा दम देतात, आणि तिसऱ्या दिवशी वाट वाकडी करून तिच्या दाराशी चौकशीला जातात. मोबाईलची पाठ फुगलेली दिसली तर मात्र अंगठा जागच्या जागी थांबतो. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते हे त्यांना पक्के ठाऊक असते, आणि ‘मावशी, हा चार्जिंगला लावायचा नाही, आजच बॅटरी बदलायची’ असे सांगून ते स्वतः दुकानापर्यंत सोबत जातात. त्यांच्या साऱ्या वैद्यकीत निर्विवाद बरोबर ठरणारा असा हा एवढाच सल्ला, आणि त्याची वाच्यता ते कधीच करत नाहीत.

आचार्यांच्या स्वतःच्या मोबाईलची बॅटरी दोन दोन दिवस टिकते, हा त्यांच्या पंथाचा सर्वांत मोठा पुरावा समजला जातो. सेटिंगमध्ये कोणत्या ॲपाने किती वीज घेतली याची यादी असते, आणि आचार्यांच्या मोबाईलमधली ती यादी पाहणाऱ्यास निराळेच कारण सापडते: त्यात ‘फोन’ हे नाव शोधायला बरेच खाली जावे लागते. मुले पुण्यात असतात, नोकऱ्यांच्या वेळा अवघड असतात, आणि रविवारचा फोन कधी सोमवारवर तर कधी पुढच्या रविवारवर जातो. एखाद्या कंपनीचा मोठा अपडेट गावात पोहोचतो त्या आठवड्यात मात्र चित्र पालटते. रावराजूरहून, राणीसावरगावहून, मिनिटामिनिटाला कोणाचा ना कोणाचा फोन येत राहतो, दुपारी दोनलाच त्यांचा मोबाईल लाल रेघेवर येतो, आणि टपरीवाल्याच्या बोर्डाला चार्जर खोचून, आखूड वायरीपायी मान वाकडी करून आचार्य बोलत बसतात. त्या आठवड्यात स्वतःचा मोबाईल झाडायला त्यांना सवड मिळत नाही.