कपभर हवा

माझ्या मोटारसायकलीचं वजन पावणेचारशे किलो आहे. त्यावर मी, मागे सौ., दोन्ही बाजूंच्या पेट्यांत कपडे, रेनकोट आणि गावाला निघताना कोणीतरी हमखास आणून देतं ती धारवाडी पेढ्यांची खोकी. एवढा संसार मागून पेलायला कंपनीनं दोन शॉकअप दिले आहेत आणि त्या दोघांत मिळून जेमतेम कपभर हवा. कंपनीचं नाव सांगत नाही. तिला वाईट वाटेल म्हणून नव्हे. गाडी माझ्याकडे यायच्या आधी दोन मालक करून आली आहे आणि हवा नेमकी कोणाच्या कारकिर्दीत जायला लागली याचा पुरावा कोणाकडेच नाही.

हवेचा शॉकअप ही काही नवी टूम नाही. होंडाच्या गोल्डविंगला 1980च्या मॉडेलमध्येच पुढेमागे हवेची मदत होती. त्यामागचा विचार सरळ आहे. साधी स्प्रिंग दाबली की ती ठरल्या हिशेबानं विरोध करते. कोंडलेली हवा मात्र जितकी दाबाल तितकी जास्त अंगावर येते. जागा निम्मी केली की दाब दुप्पट, हे रॉबर्ट बॉईल 1662 सालीच सांगून गेला. त्यामुळे लहान खड्डा मऊ लागतो आणि मोठ्या खड्ड्यात गाडी बूड टेकत नाही. शिवाय एकटं जायचं तर हवा कमी, जोडीनं जायचं तर जास्त. पाना लागत नाही, पानेवालाही लागत नाही.

पण हवा किती, हे ठरवायला मॅन्युअलात एक तक्ता आहे, आणि तो तक्ता मागे बसणाऱ्याचं वजन विचारतो. म्हणजे संसारात पंचवीस वर्षं जो प्रश्न मी टाळत आलो, तो एका परदेशी कंपनीनं छापील स्वरूपात माझ्या तोंडी घातला. मी तो फार सांभाळून विचारला. सौ.नी उत्तर दिलं नाही, पुस्तक मागून घेतलं, चष्मा लावला, तक्त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “अहो, चालवणाऱ्याचा रकाना तुमच्या आधीच संपलाय की.” तेव्हापासून ते पुस्तक त्यांच्या कपाटात असतं.

गळती लागल्याचं आधी साइडस्टँडवर कळलं. हवा उतरली की गाडीची मागची बाजू बसते. स्टँड मात्र तेवढाच उंच राहतो, त्यामुळे एरवी ऐटीत डावीकडे कललेली गाडी ताठ उभी राहते. इतकी ताठ, की धारवाडच्या माळमड्डीत आमच्या दारात जरा वारा सुटला तरी ती उजवीकडच्या तुळशीवृंदावनाकडे झुकण्याचा विचार करताना दिसायची. मग रात्री हेडलाइट वर बघू लागला. रस्ता सोडून विद्यागिरीच्या झाडांवरची वटवाघळं मला स्वच्छ दिसत. आणि हंप! धारवाड ते हुबळी रस्त्याला चिगरी बसचे राखीव पट्टे आहेत, बाकीच्यांसाठी बाकीचा रस्ता आहे, आणि गल्लीबोळांत ज्याला वाटेल त्यानं घातलेले हंप आहेत. प्रत्येक हंपावर सायलेन्सर असा घासायचा, की दुकानांतली माणसं हातातलं गिऱ्हाईक सोडून बाहेर यायची.

बाहेर आलेला धारवाडकर आत जात नाही. तो जवळ येतो, सीटवर तळवा ठेवून दोनदा दाबतो आणि म्हणतो, “तडीरी, नोडोण.” थांबा, बघू या. या ‘नोडोण’नं माझा घात केला. कारण या शॉकअपमधली हवा मोजायची म्हणजे व्हॉलला गेज लावायचं, आणि गेजची नळी भरायला लागणारी हवाही त्याच कपातून येते. टायरमधून तेवढी गेली तर पत्ताही लागत नाही. इथं दर ‘नोडोण’ला दोन-तीन पाउंड गायब. वर गेज काढताना फुस्स होतं ते वेगळंच. तक्त्याची सगळी उडीच मुळी पस्तीस पाउंडांपर्यंत. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर सकाळी मोजायचे आणि वहीत लिहायचे. इंजिनिअरिंगला असलेला भाचा संध्याकाळी मोजून सकाळच्या आकड्याशी ताडायचा आणि गळतीचा वेग काढायचा. दोघांचा आलेख फार सुंदर उतरत होता. मोजणं थांबवून पाहू, असं मी सुचवलं, तर भाचा म्हणाला, “मामा, मग कळणार कसं?”

हुबळी आणि धारवाड 1962 साली एका महापालिकेत आली, पण मधलं वीस किलोमीटरचं अंतर कोणत्याही ठरावानं कमी झालेलं नाही. कामांची वाटणीही पक्की आहे: धारवाडात सल्ला मिळतो, माल हुबळीत. पंक्चरवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांचे सल्ले गोळा झाल्यावर (पंक्चरवाल्याला कंप्रेसरची नळी घेऊन धावत येताना मी अंगानं अडवलं, एवढ्याशा जागेत ती हवा डोळ्याचं पातं लवायच्या आत मर्यादा ओलांडते आणि सील फुटतात) मी गाडी हुबळीला नेली. कंपनीच्या माणसांना फोन आधीच करून झाला होता. ते चारशे किलोमीटरवर, बेंगळुरूला. त्यांच्या मते दोन्ही शॉकअप, नळ्या आणि व्हॉल असा पूर्ण संच बदलणं हाच उपाय होता. संचाची किंमत त्यांनी इतक्या मृदू आवाजात सांगितली, की मी चुकून “थँक यू” म्हणालो.

हवेवरच्या गाड्यांचं ज्ञान हुबळीला कमी नाही. 1976 साली गदगला एका ट्रकवर सुरू झालेली व्हीआरएल ही वाहतूक कंपनी इथूनच चालते, वायव्य कर्नाटक परिवहनचं मुख्यालय गोकुळ रोडला आहे, आणि रात्री मुंबई-बेंगळुरूकडे सुटणाऱ्या स्लीपर बसगाड्या हवेच्या रबरी बलूनांवर उभ्या असतात. गोकुळ रोडच्या मागच्या गल्लीत त्या बलूनांचा एक जाणकार मला भेटला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकला आणि विचारलं, “साब, कंप्रेसर किधर है?”

“नाही.”

“लेव्हल का व्हॉल?”

“तोही नाही.”

“फिर हवा कौन भरता?”

“मी. हातपंपानं.”

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात तिरस्कार नव्हता, काळजी होती. मग त्यानं समजावलं. बसचा बलूनही गळतो. रात्रभर उभी राहिलेली बस सकाळी एका कुशीवर बसलेली दिसते. पण इंजिन सुरू झालं, की त्याच्यावरचा कंप्रेसर टाकी भरतो, लेव्हलचा व्हॉल बलूनात हवा सोडतो आणि बस आपली आपण उठून उभी राहते. गळती थोडी असली तर ड्रायव्हरला वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही. “तुमारे में सब बराबर है साब,” तो म्हणाला, “खाली बस छोटी है.”

तरी त्यानं साबणाचं पाणी केलं. व्हॉल, टी-जोड, शॉकअपच्या कडा, सगळीकडे ब्रशनं फेस लावला. बुडबुडा नाही. पुन्हा लावला. नाही. सील कोरडे होते, तेलाचा ओघळही नव्हता. तो असता तर शॉकअपच गेले असं समजायचं. “लीकेज नै है,” त्यानं निकाल दिला. मी गाडी घरी आणेपर्यंत मात्र ती बोटभर खाली बसली होती.

ज्या माणसानं शेवटी गळती पकडली, त्याला मोटारसायकल चालवता येत नाही. आमच्या गल्लीत एक काका हार्मोनियम दुरुस्त करतात. ज्या गावात मल्लिकार्जुन मन्सूर राहिले आणि ज्याच्या जोडगावात गंगूबाई हनगल, तिथं पेटी दुरुस्त करणाऱ्याला काम कमी पडत नाही. आणि गिऱ्हाईक अशा कानाचं, की भाता जरा फुसफुसला तरी खपवून घेत नाही. काका सगळा तमाशा रोज गॅलरीतून बघत होते. एका रविवारी ते खाली आले. गेज नाही, साबण नाही. “भाता रिकामा असताना गळती सापडत नाही हो,” ते म्हणाले. “वजन द्या. वहिनी, बसा बघू.”

वहिनी म्हणजे सौ. त्या बसल्या. बँक मॅनेजर, भाचा आणि दुधाचा हिशेब मागायला आलेला गवळी, सगळ्यांना काकांनी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. मग उजव्या पेटीखाली कान नेऊन डोळे मिटले.

“पंचम आहे,” ते म्हणाले. “जरा उतरलेला.”

उजव्या शॉकअपपासून टी-जोडाकडे जाणारी बारीक नायलॉनची नळी फ्रेमच्या एका कडेवर टेकत होती. घासून घासून तिला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. गाडी मोकळी उभी असली की नळीच्या वाकावर ते मिटून राही, म्हणून साबणाला दिसलं नाही. वजन पडलं, दाब वाढला, की उघडे. म्हणजे जोडीनं प्रवास केला तरच भरपूर गळणार, अशी ती सोय होती. सौ. खाली उतरायला लागल्या तसं भाचा ओरडला, “मामी, उतरू नका, मोजायचंय!” मामींनी त्याच्याकडे फक्त पाहिलं.

नळी पुन्हा हुबळीलाच मिळाली. मोटारसायकलीच्या दुकानात नव्हे. खाऱ्या दाण्यांची पाकिटं भरणाऱ्या यंत्रांना हवेच्या नळ्या पुरवणाऱ्या एका दुकानात. दुकानदार अख्खं रीळ घ्या म्हणत होता. एवढीशीच हवी हे पटवायला वेळ गेला. पैसे गिरमिटाची प्लेट आणि दोन मिरची भजी यांच्याइतकेच लागले. बलूनवाल्यानं ती बसवली, कडेवर रबराचा तुकडा गुंडाळला आणि मजुरी घेतली नाही. “इत्ते काम का क्या लेना,” म्हणाला. काकांनीही घेतली नाही, पण गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आता माझ्या गाडीचा स्वर सांगतात.

हवा आता टिकते. टिकते असं गाडीच्या उंचीवरून म्हणायचं, कारण मोजायला घरात बंदी आहे. हातपंप आणि गेज दोन्ही मॅन्युअलाशेजारी सौ.च्या कपाटात गेले आहेत. दांडेली, गोवा असं कुठं निघायचं असलं, की त्या पुस्तक उघडतात, मला दूर उभं करतात, पाठमोऱ्या बसून पंप मारतात आणि व्हॉलचं टोपण घट्ट लावतात. किती पाउंड घातली, असं विचारलं की म्हणतात, “पुरेशी.” आकडा सांगत नाहीत. सांगितला, तर तक्त्यात उलटं बोट फिरवून मी काय शोधून काढीन, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.