तापलेल्या कॅमॅरोची शांत

ज्या गृहस्थाने १९६९ची शेव्हरले कॅमॅरो घेतली, तिचं मूळ इंजिन उतरवलं आणि त्या जागी जनरल मोटर्सचंच नव्या पिढीतलं एलएस इंजिन बसवलं, त्याच्या पदरी पुण्य आणि पाप एकदमच पडलेलं असतं. पुण्य असं, की १९९७च्या कॉर्व्हेटमधून जगापुढे आलेलं, ३४५ अश्वशक्तीचं हे ॲल्युमिनियमचं यंत्र कडाक्याच्या थंडीतही एका चावीत सुरू होतं. पाप असं, की गाडी आता दुसऱ्याच लाल सिग्नलला तापते. मिशिगनमध्ये, जिथे ऑगस्टातल्या २८ अंशांना लोक गंभीरपणे उन्हाळा म्हणतात, तिथेही तापते. डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५पासून दर ऑगस्टात जुन्या गाड्यांची जी प्रचंड मिरवणूक निघते, तिथे तर हमखास तापते. या पापाच्या परिमार्जनार्थ पुढील विधी सांगितले आहेत. ते करताना एक तत्त्व मात्र ध्यानात असू द्यावं : गाडी थंड ठेवणारी बहुतेक प्रत्येक वस्तू स्वस्त असते, कुरूप असते आणि प्रदर्शनात बॉनेट उघडून उभं राहिल्यावर कोणाच्या नजरेत भरत नाही. ती बसवायची राहून जाते, याचं कारण यांत्रिक नसून सामाजिक आहे.

प्रथम, परंपरेला धरून, परवडेल त्याहून मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर घ्यावा आणि आरशासारखा पॉलिश करावा. त्यामागचं तर्कशास्त्र असं : इंजिन जुन्यापेक्षा ताकदवान, म्हणजे उष्णता जास्त, म्हणजे रेडिएटर मोठा. हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण सपाट रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला जेमतेम पंचवीस-तीस अश्वशक्ती लागते आणि सिग्नलला उभ्या गाडीला त्याहूनही किती तरी कमी. उरलेले तीनशे घोडे त्या वेळी तबेल्यात झोपलेले असतात आणि झोपलेला घोडा पाणी तापवत नाही. म्हणजे वुडवर्डवर रांगत असताना हे इंजिन फारशी उष्णता तयारच करत नाही; जी करतं तीही बाहेर पडत नाही, इतकंच. यावर कोणी म्हणेल, की शर्यतीच्या ट्रॅकवर तर पूर्ण ताकद लागते ना? लागते, आणि तिथे मोठा रेडिएटर हवाच. मात्र ज्या गाडीच्या टायरला चिखल लागला तर मालक फडकं घेऊन धावतो, ती ट्रॅकवर जाणार हे गृहीत धरून खर्च करणं, यालाच श्रद्धा म्हणतात.

आता पंख्याकडे यावं. जुन्या इंजिनाबरोबर त्याचा पट्ट्यावर फिरणारा पंखा गेला आणि पंख्याभोवतीचं काउलही भंगारात गेलं. त्या जागी सोळा इंची इलेक्ट्रिक पंखा आणावा आणि जाळीच्या बारीक पात्यांमधून प्लॅस्टिकचे बंद ओवून तो थेट रेडिएटरवर आवळावा. काम दहा मिनिटांचं, दिसायला सुबक. हिशोब मात्र करू नये. केलाच तर असा निघतो : चोवीस इंच रुंद आणि सतरा इंच उंच जाळीचं क्षेत्रफळ ४०८ चौरस इंच, सोळा इंची वर्तुळाचं सुमारे २००. चिकटून बसवलेला पंखा आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. चारही कोपऱ्यांतलं पाणी गरम जातं आणि गरमच परत येतं. म्हणजे इतक्या हौसेने घेतलेल्या रेडिएटरचा निम्मा भाग शोभेचा. जाळीपासून इंचभर अंतर ठेवून पत्र्याचं काउल बसवलं, की तोच पंखा सगळ्या जाळीतून हवा खेचू लागतो. पण काउल लावल्यावर ते पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम झाकलं जातं, तेव्हा हा उपाय विचारात घेण्याजोगा नाही.

तरीही गाडी तापलीच, तर बॉनेट मागच्या बाजूने उचलावं. बिजागऱ्यांखाली दोन-दोन वॉशर सारले, की विंडस्क्रीनच्या पायथ्याशी बोटभर फट पडते आणि गरम हवा तिथून बाहेर जाईल अशी सर्वांची खात्री पटते. उभ्या गाडीत ती थोडीफार जातेही. गरम हवा वरच जाणार, त्यात नवल काय. पण गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा काचेच्या पायथ्याशी आदळून साठतो आणि तिथे दाब वाढतो. फट जिथे ठेवली तिथूनच हवा आत घुसते. इंजिनाच्या खोलीतला दाब वाढला, की पुढच्या जाळीतून येणाऱ्या हवेला वाट उरत नाही. हा कोणा पंडिताचा तर्क नव्हे. १९६९च्या कॅमॅरोलाच शेव्हरलेने एक खास बॉनेट देऊ केलं होतं, ज्याचं तोंड काचेकडे होतं आणि ते तिथून कार्ब्युरेटरसाठी हवा आत घेत असे. कारखान्याने जे दार आत येण्यासाठी ठेवलं, ते आपण बाहेर जाण्यासाठी उघडतो. कॉर्व्हेटने उलट बंपरखाली काळ्या प्लॅस्टिकची एक पट्टी लावून हवा खालून वर ओढली होती. इंजिन कॉर्व्हेटकडून घेतलं, पट्टी मात्र कोणी मागितली नाही. रेडिएटरच्या कडेच्या फटी रबराने बुजवाव्यात, हेही कोणाला सुचत नाही. आणि हवा तर अशी आळशी, की बाजूने मोकळी वाट मिळाली तर जाळीतून जायचे कष्ट ती कशाला घेईल?

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा विधी वडीलधाऱ्यांच्या आग्रहावरून ठेवला आहे. दुसरा पंथ सांगतो, की तो मुळीच काढू नये, कारण मग पाणी रेडिएटरमधून इतकं भरभर धावतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. दोन्ही पंथ शतकभर भांडत राहू शकतात, कारण दोघांचंही चुकलेलं आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असतं. जास्त वेगाने फिरलं तर ते उष्णता कमी नव्हे, जास्तच सोडतं. आणि थर्मोस्टॅट ठरवतो ते किमान तापमान. इंजिन किती तापू नये हे ठरवणं त्याच्या अखत्यारीतच नाही. तो बंद अवस्थेत अडकला असेल तरच दोषी. म्हणून कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसवल्याने तापणारी गाडी तापायची थांबत नाही, तिथवर पोचायला चार मिनिटं जास्त घेते, एवढंच.

याउलट ज्या गोष्टीला खरोखर महत्त्व आहे, ती पेन्सिलीएवढी बारीक नळी आहे. एलएस इंजिनाच्या हेडवर सर्वांत उंच जागी साठणारी वाफ आणि हवा रेडिएटरच्या वरच्या भागात नेणं, एवढंच तिचं काम. जुन्या रेडिएटरला तिच्यासाठी तोंडच नसतं, मग अनेक जण तिथे बूच मारून मोकळे होतात. वाफ हेडमध्ये कोंडून बसते, तिथला धातू चटका बसेल इतका तापतो आणि तापमानाच्या काट्याला पत्ताही नसतो, कारण वाफेला तापमान नीट सांगता येत नाही, पाण्याला येतं. काट्याच्या भानगडीतही सबुरी हवी. अमेरिकन डायलवर २१० फॅरनहाइट दिसलं की मालकाचा चेहरा पडतो. ते सेल्सिअसमध्ये ९९ होतात. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि रेडिएटरला १५ पौंड दाबाची कॅप असेल तर ते मिश्रण १२५ अंशांच्याही पुढे जाऊन उकळतं. कॉर्व्हेटचा पंखाच मुळात शंभर अंश ओलांडल्यावर सुरू व्हायचा. पुष्कळशा तापलेल्या गाड्या प्रत्यक्षात तापलेल्या नसतात, मालक तापलेले असतात.

एवढं सगळं यथासांग करूनही वुडवर्डच्या रांगेत काटा चढतच राहिला, तर काचा खाली कराव्यात, हीटर पूर्ण जोरात सुरू करावा आणि ओळखीचं कोणी दिसलं तर हसावं. हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच, तो चार-पाच अंश तरी उतरवतो. इंजिन बदलताना त्यामागची भिंत सुटसुटीत दिसावी म्हणून ज्यांनी हीटर काढून टाकला, त्यांनी रस्त्याच्या कडेला लागावं, इंजिन बंद करावं आणि निदान अर्धा तास कॅपला हात लावू नये.