हवा घ्यायलीय!

कंधारात कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की जाणकार हजर. राष्ट्रकूटांच्या काळापासूनच्या इथल्या किल्ल्याला परकं माणूस अडवायला खंदक तरी आहे. बॉनेटला तसली सोय नाही. मुखेडच्या रस्त्याला थांबा नाहीतर जगत्तुंग समुद्राच्या कडेला, मागून आवाज येतोच, "काय झालं ओ?" उत्तर त्यांच्याकडं तयार असतं.

जाणकार पन्नाशीचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, स्वतःची गाडी नाही. डाग नको म्हणून हात पाठीमागं. मुलगी बघायला आलेल्या मामासारखं इंजिन न्याहाळतात, मान कलती करतात आणि सांगतात, "गाडी हवा घ्यायलीय."

हेच निदान त्यांनी ट्रॅक्टरचं केलंय, बोअरच्या मोटारीचं केलंय, माळेगावच्या जत्रेत एका घोड्याचंही केलंय. घोडा धापाच टाकत होता, म्हणून तिथं ते बरोबर ठरले.

मग एकदा पेट्रोलची जुनी कार आली. उभी असली की थरथरायची, आयडलिंग वरखाली, रेस दिली की शहाणी. गर्दीचं मत प्लगवर गेलं. मिस्त्रीनं प्लगला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवून, तापलेला एक्झॉस्ट टाळून, इनटेक मॅनिफोल्ड हेडला जिथं बसतं त्या सांध्यावर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारला. आवाज लगेच बदलला. तिथलं पॅकिंग गेलं होतं. हिशेबाबाहेरची हवा आत शिरत होती आणि पेट्रोल कमी पडत होतं. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद, म्हणून आतली ओढ तेव्हा जास्त, दुखणंही तेव्हाच.

"मी काय म्हणलालो!" जाणकार कडाडले. इंजिन थंड होईस्तोवर त्यांनी निदानाची फी म्हणून चहा घेतला.

पुढचं काम त्यांना मुळीच पटलं नाही. मिस्त्री पाइपांना खुणा करत बसला. छिद्रांत कापडाचे बोळे घालून, ॲल्युमिनियमला ओरखडा न पडू देता, चिकटलेलं जुनं पॅकिंग सोलत राहिला. नवं बसवून बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत, टॉर्क रेंचनं आवळले. पाना 'कट्' वाजला की तो थांबे.

"कामून थांबलास? आवळ की अजून!"

मिस्त्रीनं त्यांच्या हातात टॉर्च दिली. जाणकार गप्प बसायचा हा एकच मार्ग कंधारात सापडलाय.

गाडी सुरळीत झाली आणि यांचा भाव वाढला. बंद घड्याळाच्या काट्यासारखं एकच निदान रोज सांगणारा माणूस कधीतरी बरोबर येणारच, पण हे त्यांच्या तोंडावर बोलणार कोण?

तुमची गाडी तिकडं अडली तर निदान खुशाल ऐका, पैसे पडत नाहीत. उपाय मात्र विचारू नका. तो नेहमी सिलिकॉनची ट्यूब असतो. जादा भरलेलं सिलिकॉन सुटून आत ओढलं जातं आणि ते काढायला मॅनिफोल्ड पुन्हा खोलावं लागतं.